मेडिकलचं वकीलपत्र

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे विश्वस्त, पहिल्या रांगेतले माझे डॉक्टर मित्र, मागच्या रांगांमधले औषध दुकानदार (एरवी ही मंडळी शेजारीशेजारी बसतात, आज विषय वाचून अंतर राखलेलं दिसतंय) आणि अमरावतीकर बंधुभगिनींनो,

मी अकोल्याचा. येताना ज्या रस्त्यानं आलो, त्याची कीर्ती तुम्हाला ठाऊक आहे. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा 75 किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत डांबरून झाला आणि आपल्या रस्त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. कौतुकच आहे. पण गाडीत बसल्या बसल्या मला दुसराच हिशेब आठवत होता. इंटरनेटवरून औषधं कशी विकावीत, याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारनं 28 ऑगस्ट 2018 ला राजपत्रात छापला. हरकती मागवल्या. हरकती ढिगानं आल्या. मग? मग काही नाही. सात वर्षं उलटून गेली, अंतिम नियम निघालेच नाहीत. ठरवलं तर या देशात रस्ता पाच दिवसांत होतो. नियम का होत नाही? कारण तो न होण्यात कुणाचं तरी बरं चाललेलं असतं.

मी वकील आहे. औषध दुकानाचं लायसन निलंबित झालं किंवा रद्द झालं, की औषध नियमावलीतल्या नियम 66 खाली राज्य शासनाकडं अपील करता येतं, तीन महिन्यांच्या आत. अशी अपिलं मी चालवली. म्हणजे मेडिकलवाल्यांचं वकीलपत्र मी पूर्वीपासून घेतलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण कोर्टात पक्षकाराच्या सोयीचं बोलावं लागतं. इथं ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांच्या फोटोसमोर तसं बोलायचं नसतं. म्हणून आज मागच्या रांगांना थोडं टोचणार आहे.

प्रश्न साधा आहे. गावातलं, गल्लीतलं, एका माणसाच्या मालकीचं मेडिकल टिकावं का? आणि टिकावं असं वाटत असेल, तर कायद्यापुढं त्याची बाजू कुणी, कशी मांडायची?

थोडं मागं जाऊ. ब्रिटिश अमदानीत औषध विकायला कुणालाही मज्जाव नव्हता. भेसळीचं क्विनाइन बाजारात सर्रास मिळायचं. ओरड वाढली तेव्हा 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्या अहवालातून पुढं 1940 चा औषध कायदा आला, 1945 चे नियम आले, आणि 1948 चा फार्मसी कायदा आला. या तीन कागदांवर आपलं प्रत्येक मेडिकल उभं आहे. त्यातलं एक वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याभोवती फिरतं. नियम 65, उपनियम 2. त्याचा मथितार्थ असा, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः द्यायचं, नाहीतर त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जायचं.

पण याच कायद्यानं एक फट ठेवली. दुकानाचा मालक फार्मासिस्टच असला पाहिजे, असं तो म्हणत नाही. दहा चौरस मीटर जागा दाखवा, फ्रिज दाखवा, पगारावर एक फार्मासिस्ट दाखवा, लायसन घ्या. ‘दाखवा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. (हशा) हसलात म्हणजे तुम्हाला कळलं. सर्टिफिकेट भिंतीवर, सर्टिफिकेटचा धनी दुसऱ्या गावी, आणि काउंटरवर बारावी झालेला भाचा. महिन्याला भाडं ठरलेलं. खोलीचं भाडं असतं तसं सर्टिफिकेटचं भाडं.

जगात सगळीकडं असं नाही. जर्मनीत औषध दुकानाचा मालक फार्मासिस्टच असावा लागतो. तरीही एका मोठ्या डच कंपनीला दुकानाचा परवाना मिळाला, तेव्हा तिथल्या फार्मासिस्टांनी त्याला आव्हान दिलं. युरोपच्या न्यायालयानं 19 मे 2009 ला जर्मनीचा नियम उचलून धरला. कारण काय दिलं? स्वतःची सनद पणाला लागलेला माणूस नफ्याला थोडा आवर घालतो, असं मानायला सरकारला मुभा आहे. अमेरिकेत नॉर्थ डाकोटा नावाचं राज्य आहे, आपल्यासारखंच शेतीवर जगणारं, लांब लांब विखुरलेल्या गावांचं. तिथं 1963 पासून कायदा आहे, की औषध दुकानाची बहुसंख्य मालकी फार्मासिस्टकडं हवी. 1973 मध्ये तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला. 2014 मध्ये बड्या साखळ्यांच्या बाजूनं तो काढून टाकायचा प्रस्ताव थेट मतदानाला आला, आणि लोकांनी फेटाळला. लोकांनी! दुकानदारांच्या संघटनेनं बंद पुकारून तो वाचवला नाही. मतदारांनी मतपत्रिकेवर खूण करून वाचवला. उद्या दर्यापुरात, अकोटात असं मतदान झालं, तर लोक मेडिकलवाल्याच्या बाजूनं मत देतील? मला खात्री नाही. तुम्हाला आहे?

आता टोचायचा भाग.

2011 ते 2014 या काळात महेश झगडे महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त होते. त्यांनी फार वेगळं काही केलं नाही. नियम 65 वाचला आणि दुकानात फार्मासिस्ट आहे का ते बघायला माणसं पाठवली. राज्यभर खळबळ उडाली. लायसनं निलंबित झाली, रद्द झाली. अपिलं मंत्रालयात गेली. तेव्हा खात्याचे मंत्री आपल्या वऱ्हाडातलेच होते, पुसदचे मनोहरराव नाईक. आयुक्त रद्द करायचे, वरून स्थगिती यायची. 2013 मध्ये मेडिकल दुकानांनी राज्यभर बंद पाळले. दुकानदारांच्या संघटनेचं म्हणणं काय होतं? फार्मासिस्ट मिळत नाहीत. माणूस जेवायला गेला, लघवीला गेला, तेवढ्यात इन्स्पेक्टर येतो. ही छळवणूक आहे. यात तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. जिथं एकच फार्मासिस्ट आहे तिथं सकाळी नऊ ते रात्री अकरा तो खुर्चीला बांधून ठेवता येत नाही. त्या मोहिमेची एक वाईट बाजूही होती. गर्भपाताच्या गोळ्यांवर धाडी इतक्या पडल्या, की दुकानदारांनी कायदेशीर असलेलं ते औषध ठेवायचंच सोडलं. शिक्षा झाली ती बाईला.

पण मूळ मुद्दा काय होता? फार्मासिस्ट हजर असावा की नसावा? आणि त्या मुद्द्यावर दुकानदारांची संघटना कुठल्या बाजूला उभी दिसली?

आता दोनच वर्षं पुढं या. 14 ऑक्टोबर 2015. देशभर मेडिकल बंद. मग 30 मे 2017 ला बंद. 28 सप्टेंबर 2018 ला बंद. औषध दुकानदारांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष कल्याणचे जगन्नाथ शिंदे. मागणी ही, की ऑनलाइन औषधविक्री थांबवा. आणि युक्तिवाद? युक्तिवाद असा, की मोबाइलवर फार्मासिस्ट कुठं आहे? चिठ्ठी कोण तपासतो? झोपेच्या गोळ्या, अँटिबायोटिक कुणाच्याही हाती पडतील. शंभर टक्के बरोबर! डिसेंबर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं विनापरवाना ऑनलाइन विक्रीला मनाई केली. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयात तमिळनाडूच्या दुकानदारांच्या अर्जावर एका न्यायमूर्तींनी तसाच आदेश दिला. खंडपीठानं तो नंतर रोखला. फेब्रुवारी 2023 मध्ये औषध महानियंत्रकांनी बड्या बड्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या. ॲपं सुरूच आहेत.

पण मंडळी, बारकाईनं बघा. ज्या उपनियमाची काठी 2013 मध्ये पाठीवर बसते म्हणून आपण रडत होतो, तीच काठी 2015 मध्ये आपण दुसऱ्याच्या पाठीवर उगारली. समोरचा वकील मूर्ख नसतो. तो उठून एकच विचारतो, ‘मिलॉर्ड, यांच्या काउंटरवर फार्मासिस्ट असतो का?’ मग आपल्याकडं उत्तर काय?

‘मिळत नाहीत’ हे उत्तर आता चालायचं नाही. तालुक्यातालुक्याला फार्मसी कॉलेजं निघाली आहेत. इतकी, की फार्मसी कौन्सिलनं नव्या कॉलेजांवर बंदी घालायचा ठराव केला होता. अशी बंदी नुसत्या ठरावानं घालता येणार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये तो मोडला. पोरं डी.फार्म., बी.फार्म. होऊन बसलेली आहेत. काही तर सर्टिफिकेट भाड्यानं देऊन तिसराच धंदा करतात. दुकानदारांनी त्यांना खुर्चीत आणून बसवलं, तर ऑनलाइनविरुद्धची निम्मी केस तिथंच जिंकली.

उरलेली निम्मी पैशाची आहे. ती जरा सावकाश सांगतो, कारण यात लोकांचा गैरसमज फार.

लोक म्हणतात, ‘ॲपवर वीस टक्के सूट भेटते, तुमी काऊन देत नाई?’ खरं आहे, काऊन देत नाही? किंमत बांधून दिलेल्या औषधांवर 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशानं किरकोळ दुकानदाराला 16 टक्के नफा ठरवून दिला. हे 16 टक्के खरेदी किमतीवर धरायचे. कर बाजूला ठेवून बघा. दुकानदाराला शंभराला पडलेली स्ट्रिप एकशे सोळाला जाते. त्यावर वीस टक्के सूट द्या. ब्याण्णव रुपये ऐंशी पैसे. म्हणजे घरातून सात रुपये वीस पैसे घालून विकायची. भाडं, लाइट, पगार, एक्स्पायरी झालेला माल, सगळं वेगळं. घाऊक खरेदीनं थोडं स्वस्त मिळतं हे मान्य, पण एवढं नाही. मग ॲपवाल्याला कसं परवडतं? परवडत नाहीच. तोटा गुंतवणूकदाराच्या पैशातून भरला जातो. शेजारची दुकानं बंद पडेपर्यंत भरायचा, हे त्यामागचं गणित.

मग स्पर्धा कायदा काय करतो? 2002 च्या कायद्यात तोट्यात विकून दुसऱ्याला संपवणं बेकायदा आहे, पण फक्त कलम 4 खाली. आणि कलम 4 लागू होतं ते बाजारात आधीच वर्चस्व असलेल्यालाच. बेंगळुरूच्या बाजारावरून टॅक्सी कंपन्यांनी हेच भांडून पाहिलं. 2017 मध्ये स्पर्धा आयोगानं सांगितलं, ओलाचं वर्चस्व सिद्ध होत नाही. वर्चस्व सिद्ध होईल तोवर भांडायला उरणार कोण?

दुसऱ्या बाजूला दुकानदारांच्या संघटनेवर तोच आयोग तुटून पडला, आणि इथं मी आयोगाच्या बाजूनं आहे. कंपनीला स्टॉकिस्ट नेमायचा तर संघटनेचं ‘ना हरकत’ आणा, नवं औषध बाजारात आणायचं तर संघटनेला माहितीसेवेचे पैसे भरा, अशी पद्धत होती. आपल्या शेजारच्या गोव्यात वार्का नावाच्या एका औषध पेढीनं तक्रार केली. 2012 मध्ये गोव्याच्या संघटनेवर दंड बसला. कटकच्या एका व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून फेब्रुवारी 2013 मध्ये अखिल भारतीय संघटनेवर 47 लाखांच्या वर. ‘ना हरकत’ मागून छोट्याचं भलं झालं का? तालुक्यात आधीपासून बसलेल्याचं झालं. नवा पोरगा बाहेरच राहिला.

मग एकत्र यायचंच नाही का? यायचं, पण विक्री अडवायला येऊ नका, खरेदी करायला या. कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला त्याच कायद्याच्या कलम 3 मध्ये सवलत आहे. माद्रिदमध्ये 1944 साली फार्मासिस्टांनी सहकारी घाऊक संस्था काढली, कोफारेस. आज ती स्पेनमधली बलाढ्य औषध वितरक आहे, आणि मालक कोण, तर गल्लीतले दुकानदार. सहकार आपल्याला कुणी शिकवायला नको. जिनिंग-प्रेसिंगच्या सहकारी संस्था आपण काढल्या, चालवल्या. बुडवल्याही, तो विषय आजचा नाही. (हशा) पण मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अकोट इथल्या छोट्या दुकानांनी मिळून एकच खरेदी केली, तर कंपनी त्यांच्याशी बोलताना खुर्ची पुढं ओढेल.

आता हे दुकान करतं काय, जे त्याच्या नफ्याच्या टक्क्यात धरलेलं नसतं?

एक, उधारी. खारपाणपट्ट्यातला मूत्रपिंडाचा रुग्ण, बीपीचा, साखरेचा रुग्ण. औषध जन्माचं. पैसा मात्र वर्षातून दोनदा येतो, सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर. मधल्या महिन्यांत गोळी थांबत नाही ती मेडिकलवाल्याच्या वहीमुळं. कुठल्या ॲपमध्ये ‘कापूस निघाल्यावर’ असं बटण आहे?

दुसरं, क्षयरोग. 19 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं क्षयाची औषधं घेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं औषध दुकानदारावर बंधनकारक केलं. न कळवल्यास फौजदारी कलमांची भीती. शेड्यूल एच-1 मधल्या औषधांची वेगळी वही, त्यात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिलं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. म्हणजे सरकारनं दुकानदाराला आरोग्यसेवक केलं.   

आणि तिसरं, ते सांगताना आवाज आपोआप खाली येतो. 2025 मध्ये आपल्या वरूड-मोर्शीच्या पलीकडं, छिंदवाड्यात, खोकल्याच्या औषधानं वीसपेक्षा जास्त लेकरं गेली. तमिळनाडूत बनलेलं सिरप, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल. कित्येकांना नागपूरला हलवलं, तिथंही सगळी हाती लागली नाहीत. मुळात हा गुन्हा कारखान्यातला आणि तपासणी न करणाऱ्या यंत्रणेचा. पण असं विष बाजारात शिरल्यावर ते परत कसं गोळा करायचं? बॅच नंबर. खरेदीचं बिल, विक्रीचं बिल, दोन्हींवर बॅच. ज्या दुकानात बिल फाडलं जातं आणि ज्याला गिऱ्हाईक नावानं ठाऊक आहे, तो संध्याकाळपर्यंत चार घरी माणूस पाठवून बाटली परत आणू शकतो. ‘बिल नको, दहा रुपये कमी करा’ असं आपण काउंटरवर म्हणतो ना, तेव्हा हा धागा आपणच तोडत असतो. पुढच्या वेळी बिल मागून घ्या. मागच्या रांगांनो, न मागता द्या.

मागण्यांकडं येतो. बंद पुकारून मागायच्या मागण्या पुष्कळ झाल्या. मला तीन गोष्टी कायद्यात हव्या आहेत आणि त्या तिन्ही रुग्णाच्या सोयीच्या आहेत.

पहिलं, घरपोच औषध. त्याची मुभा सरकारनं 26 मार्च 2020 ला कोरोनाकाळात दिली. त्या अधिसूचनेत अट होती, की दुकान आणि रुग्ण एकाच महसुली जिल्ह्यातले हवेत. संघटना म्हणते, ती अधिसूचना मागं घ्या. मी म्हणतो, मागं कशाला? जिल्ह्याची ती अट पक्की करा, कायमची करा, आणि कसोशीनं पाळायला लावा. मेळघाटातल्या म्हातारीला धारणीच्या दुकानातून औषध पोचलं तर वाईट काय? पोचवणारा कोण, हे मात्र कळलं पाहिजे आणि त्याला जाऊन विचारताही आलं पाहिजे. आज हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावात काही घरगुती औषधं बिनलायसन विकायची सवलत शेड्यूल के मध्ये आहे. डोक्याच्या गोळीपुरतं ते ठीक. त्यापुढं तिथल्या माणसाला रस्ताच तुडवावा लागतो.

दुसरं, इस्पितळातली मेडिकलं. ‘आमच्याकडूनच औषध घ्या’ ही सक्ती तुम्ही सगळ्यांनी सोसली आहे. सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न गेला होता. 4 मार्च 2025 ला न्यायालयानं स्वतः सक्तीचे निर्देश न देता राज्यांनी धोरण करावं असं सांगितलं. म्हणजे चेंडू मुंबईत आहे. आपले आमदार इथले आहेत. पुढचं मी सांगायला नको.

तिसरी मागणी सगळ्यात अवघड, आणि तिच्यावर पहिली रांग नाराज होणार. नियम 65 मध्येच 11-ए असा उपनियम आहे. डॉक्टरनं चिठ्ठीवर शेड्यूल एच चं जे औषध लिहिलं, त्याऐवजी दुसरं द्यायचं नाही. आतला घटक तोच असला तरी नाही. म्हणजे चिठ्ठीवर ऐंशी रुपयांचा ब्रँड आहे, कपाटात तीच गोळी वीस रुपयांना आहे, समोरचा माणूस खिसा चाचपतोय, आणि फार्मासिस्टनं कायद्यानं गप्प बसायचं. चार वर्षं औषधशास्त्र शिकवून आपण त्याला पुडी बांधायला बसवतो. फ्रान्सनं 1999 मध्ये फार्मासिस्टला असा बदल करायचा अधिकार दिला. आपल्याकडं सरकार 2008 पासून जन औषधी केंद्रं उघडतंय, आज त्यांची संख्या 15 हजारांच्या पुढं गेली, आणि हा उपनियम जागच्या जागी.

डॉक्टर म्हणतील, आणि रास्त म्हणतील, की मेडिकलवाला बदल करेल तो रुग्णाच्या फायद्यासाठी की स्वतःच्या? जेनेरिक म्हणून दहाला घेतलेली गोळी छापील किमतीला, ऐंशीला, विकणारी दुकानं आहेतच. 2018 मध्ये स्पर्धा आयोगानंही भरमसाट व्यापारी नफ्यावर बोट ठेवलं होतं. टक्क्यावर नफा असला, की महाग विकण्यातच कमाई. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागं फार्मासिस्टला ठरावीक शुल्क मिळतं. गोळी दोनची असो की दोनशेची. बदलाचा अधिकार मागायचा तर त्यासोबत असं शुल्क मागा, आणि किमतीतला फरक रुग्णाच्या बिलावर छापायची तयारी ठेवा. आणि हो, अधिकार हजर फार्मासिस्टलाच. भिंतीवरच्या सर्टिफिकेटला नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर डॉक्टरांची संघटना आणि औषध दुकानदारांची संघटना एका टेबलावर बसलेली मी अजून पाहिलेली नाही. अमरावतीत बसवा, नाहीतर अकोल्यात बसवा. मसुदा मी लिहून आणतो, फी घेणार नाही. आता पहिल्या रांगेतून दोन हात वर झालेले दिसतायत. अध्यक्षांची परवानगी असेल तर आधी त्यांचं ऐकू या.